तीन नंबरच्या टाकीचं विरजण

चीज चांगलं झालं होतं, आणि म्हणूनच ताई घाबरली.

एरवी एखादी गोष्ट चांगली झाली म्हणून घाबरणारं माणूस शोधून सापडायचं नाही. पण या कारखान्यात तीन वर्षं चीज बनत होतं आणि तीन वर्षांत ते कुणाला चांगलं लागलेलं नव्हतं. ‘बरं’ लागायचं, ‘ठीक’ लागायचं, फार तर ‘चालेल’ लागायचं. काजू भिजवायचे, दळायचे, त्याचं दूध तापवून गार करायचं, आंबवायचं, पाणी निथळून टाकायचं आणि खोबऱ्याचं तेल नि मीठ घालून साच्यात भरायचं, असा सगळा कारभार. लोक ते घ्यायचे ते आवडतं म्हणून नव्हे, दुसरं चालत नाही म्हणून. कुणाच्या अंगावर दुधानं गांधी उठायच्या, कुणाचा श्वास अडकायचा, कुणी जनावराचं काहीच खायचं नाही असं ठरवलेलं. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘दूध नाही, थेंबभरही नाही’, आणि शेजारी एक हसरा काजू. या मालाकडे बघून आजवर त्या काजूखेरीज कुणी हसलं नव्हतं.

ताई आंबवण विभागाची प्रमुख. माल वेष्टनात जाण्याआधी प्रत्येक टाकीतला एक तुकडा चाखायचा, हे तिचं सकाळचं पहिलं काम. एक नंबर चाखला, ठीक. दोन नंबर चाखला, ठीक. तीन नंबरचा तुकडा जिभेवर ठेवला आणि तिचा सुरीचा हात तसाच थांबला. आधी हलकासा आंबटपणा आला, मग त्याच्या मागून भरलेली, गोलसर चव आली, आणि तुकडा गिळून झाल्यावरही घशाशी काहीतरी रेंगाळत राहिलं. ताईनं डोळे मिटले. ती पाच-सहा वर्षांची होती तेव्हा वडिलांच्या डेअरीत स्टुलावर चढून उभी राहायची आणि वडील सुरीच्या टोकावर तुकडा धरून तिच्या तोंडात घालायचे. हीच चव होती ती.

आता काजूला ही चव कुठून येणार? काजू काही तिच्या वडिलांना ओळखत नव्हते. चव असते ती विरजणाची, हे डेअरीवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि हे विरजण साऱ्या जगात एकाच घरी जिवंत होतं. दादाच्या.

दादा म्हणजे ताईचा थोरला भाऊ. वडिलांमागं चौतीस वर्षं त्यानं ती डेअरी चालवली. मग मोठ्या कंपन्यांचे टँकर आले, दादाची गिऱ्हाइकं एकेक करत गळाली आणि साठी ओलांडलेला दादा घरी बसून भिंतींशी भांडायला लागला. तेव्हा ताईनंच साहेबांकडे शब्द टाकला होता. साहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. “दुधातला माणूस इथं कशाला?” असं ते म्हणाले, तर ताईनं छातीला हात लावून सांगितलं, “माझी जबाबदारी.” आठ महिने झाले त्याला. कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत, साहेबसुद्धा. एकटा दादा भर टाकीखोलीत ‘बारके’ म्हणून हाक मारी आणि वर विचारी, “काय गं बारके, काजूला कुठं कास असते? याला दूध म्हणायचं म्हणजे शुद्ध थट्टा आहे.”

थट्टा करत का होईना, काम मात्र तो चोख करायचा. म्हणून तर ताई त्याच्याकडे कधी मान वळवून बघत नव्हती. आणि आता तिला वाटत होतं, बघायला हवं होतं.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी सवयीनं एक नंबरचा तुकडा तोंडात टाकला, सवयीनं मान हलवली. मग तीन नंबरचा टाकला. चावता चावता थांबले, ताईकडे बघितलं, आणखी एक तुकडा घेतला.

“हे आपलं आहे?”

“आपलंच आहे.”

“आपल्या कारखान्यातलं?” त्यांनी तिसरा तुकडा उचलला. “ताई, आज दोन वाजता मुलांच्या रुग्णालयाची गाडी जायची आहे ना? एक नि दोनचं राहू द्या. तीनचंच पाठवा. सगळंच्या सगळं.”

“साहेब, पण ठरलंय ते...”

“अहो, ठरलंय काय घेऊन बसलात! ती पोरं इतके दिवस आपलं ते रबर खातायत. एकदा तरी चीज खाऊ देत.” आणि तोंड पुसत ते मालकांना फोन करायला निघूनही गेले.

त्या रुग्णालयात दूध न चालणाऱ्या मुलांचा वेगळा विभाग होता. तिथं कुणाला साध्या पुरळानं आणत नसत.

ताईनं आधी नोंदवही काढली. आंबवताना काय घातलं, किती वाजता घातलं, हे त्या त्या कामगारानं लिहायचं आणि खाली ताईनं सही करायची, अशी रीत. कारखान्यात पुडीतून येणारी पांढरी भुकटी वापरत. कागदोपत्री तिला कल्चर म्हणत, पण दादाला तो शब्द मेला तरी वापरायचा नव्हता. पहिल्या दिवसापासून तो आपला लिहायचा, ‘विरजण लावले.’ ताईला हसू यायचं, गंमत वाटायची, तिनं कधी टोकलं नाही. आता तीन नंबरच्या परवाच्या पानावर तेच होतं, ‘विरजण लावले, ९.१०.’ एक नंबरलाही तेच, दोन नंबरलाही तेच, मागच्या आठ महिन्यांच्या पानापानावर तेच. पुडीतलं घातलं तरी विरजण आणि घरचं आणून घातलं तरी विरजण. माणूस एका अक्षरानं खोटं बोलला नव्हता आणि वहीतून काडीचाही पत्ता लागत नव्हता. खाली सही तिची स्वतःची होती.

मग तिनं शीतपेटी उघडली आणि पुड्या मोजल्या. अठरा असायला हव्या होत्या. एकोणीस निघाल्या. पुन्हा मोजल्या, बोटं गारठली तरी तिसऱ्यांदा मोजल्या. एक पुडी वाचली होती. ती तीन नंबरची.

पेटीचं झाकण लावून ती थेट टाकीखोलीकडे निघाली.

दादा चार नंबरच्या टाकीशी उभा होता. डोक्याला जाळी, हातात मोजे, आणि मिशीलाही वेगळी जाळी, कारण नियम म्हणजे नियम. त्या जाळीमुळे त्याला मिशीवर ताव देता येत नसे, आणि या नोकरीत त्याला खरा त्रास काय तो तेवढाच होता. ताईला येताना बघून त्याचे डोळे लुकलुकले.

“दादा, तीन नंबरला काय घातलंस?”

“विरजण.”

“कुठलं?”

त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ओळखलंस ना! मला माहीत होतं. तुझी जीभ म्हणजे थेट वडिलांची जीभ.”

“दादा, ते दुधातलं विरजण आहे!” ताईचा आवाज फाटला. “अरे, वेष्टनावर काय लिहिलंय ते वाचता येतं ना तुला? कुणाच्या घशात जाणार आहे हे, माहीत आहे का?”

“दुधातलं होतं,” दादा शांतपणे म्हणाला. “आता नाही. लेकराचं दूध तोडतात ना, तसं तोडलं मी त्याचं.”

आणि त्यानं सांगितलं. दोन महिने तो हा उद्योग करत होता. घरी काजू वाटायचे, दूध काढायचं, त्यात चमचाभर विरजण घालायचं. दुसऱ्या दिवशी त्यातला एक चमचा नव्या काजूच्या दुधात. तिसऱ्या दिवशी त्यातला एक चमचा आणखी नव्यात. पहिले आठ दिवस विरजण रुसलं, नुसतं पाणी सोडून बसलं. नवव्या खेपेला जरा धरलं, पंधराव्या खेपेला सुरीनं कापता येईल इतकं घट्ट लागलं.

“बावन्न वेळा केलं, बारके. बावन्न! आता तूच सांग, तू शिकलेली आहेस, दुधाचं त्यात काय उरलं?”

ताईनं मनातल्या मनात मांडलं. प्रत्येक खेपेला विसातला एक भाग उरतो. दुसऱ्या खेपेला चारशेतला एक, तिसऱ्या खेपेला आठ हजारांतला एक. दहाव्या खेपेच्या आतच सगळं शून्यांच्या रांगेत हरवून गेलं. बावन्नाव्या खेपेला तर त्यात दुधाचा कणसुद्धा असणं शक्य नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला.

“विचारायचं तरी मला!”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?”

नसती म्हणाली. तिला राग आला होता आणि त्याच वेळी कौतुकही वाटत होतं.

“आणि बाकीचं सोड,” दादाला आता बोलायला जोर आला. “चिमणी खाते की रोज. महिना झाला. तिला चाललं म्हणजे कुणालाही चालेल, नाही का?”

चिमणी ही दादाची नात, चार वर्षांची. गेल्या साली चुकून दुधाचे दोन घोट पोटात गेले तर ओठ सुजून, श्वास लागून दोन दिवस दवाखान्यात होती. दुधाचं नाव काढलं तरी घरात सगळ्यांचे चेहरे उतरत.

“तिला देतोस तू हे?”

“अगं, तिच्यासाठीच तर सुरू केलं! पोरीनं कधी चीज खाल्लं नव्हतं. डेअरीवाल्याची नात, आणि चीज ठाऊक नाही, हे बरं दिसतं का? आता बशी चाटून पुसून ठेवते. काही होत नाही तिला. जरा अंग खाजतं, पण ते उकाड्यानं. सून म्हणते, साबण बदलून बघू.”

ताईच्या मनाला ते कुठंतरी टोचलं. पण बावन्न वेळा, हे ती विसरली नव्हती.

“लावतोस कशात?”

“स्टीलच्या डब्यात. नवा कोरा आणला. जुन्या भांड्याला शिवलोसुद्धा नाही. मी काय वेडा आहे?”

“आणि ढवळतोस?”

“पळीनं.”

“कुठल्या पळीनं?”

दादा तिच्याकडे असा बघायला लागला, जणू तिनं स्वतःचं नाव विचारलं होतं. “पळी आपल्याकडे एकच आहे, बारके.”

हातभर लांब, लाकडी, वापरून काळी पडलेली ती पळी वडिलांची होती. त्यांच्या डेअरीत भांडी बदलली, शेगड्या बदलल्या, पळी कधी बदलली नाही. तिला साबण लावायचा नाही, असा वडिलांचा दंडक होता. विरजण पळीच्या लाकडात राहतं, ते म्हणायचे, आणि ते खरंही होतं. एखाद्या दिवशी विरजण बिघडलं तर नुसती पळी दुधात फिरवून ठेवायची, सकाळी दूध लागलेलं असायचं. विरजण राहायचं त्या लाकडात दूधही राहत होतं, वडिलांच्या हातचं आणि दादाच्या हातचं, इतक्या वर्षांचं.

“रोज त्याच पळीनं?”

“मग? पळीशिवाय हे विरजण जीव धरत नाही, हे तुला मी सांगायचं? पण उकळत्या पाण्यातून काढतो हं. दर वेळी.”

“आणि तीन नंबरला?”

“डब्यात विरजण आणलं आणि पळीनंच घातलं. अर्धा तास ढवळत होतो. हे यंत्र नुसतं गरगर फिरवतं, त्याला काय कळतंय ढवळणं.”

लाकडाची वस्तू आत आणायची नाही, असं कारखान्याच्या दारावर लिहिलेलं होतं. पण दादाच्या लेखी पळी वस्तू नव्हतीच, ती त्याचा हात होती. त्यानं विरजणातल्या दुधाची बावन्न वेळा काळजी घेतली आणि बावन्नही वेळा ती पळी त्यात बुडवली. उकळत्या पाण्यानं फार तर जंतू मरतात. दूध त्यानं जात नाही, ते लाकडातून सुटून बाहेर येतं. ताईनं हे शिकताना वाचलं होतं, दादाला कुणी सांगितलंच नव्हतं.

“काय झालं?” दादा म्हणाला. “तोंड का असं?”

“काही नाही. चार नंबरला हात लावू नकोस,” असं म्हणून ती बाहेर पडली.

बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बाहेर गाडी मागं घेऊन धक्क्याला लावत होते. तीन नंबरचं चीज वेष्टनात शिरून, खोक्यांत बसून, एकावर एक रचलं जात होतं.

खरं काय ते कळायचा एकच मार्ग होता. प्रयोगशाळेत पट्ट्या होत्या. माल पाण्यात कालवून त्यात पट्टी बुडवायची; एक रेघ उमटली तर निर्मळ, दोन उमटल्या तर दूध. दहा मिनिटांचं काम. पण प्रत्येक पट्टीला नंबर होता, ती फोडण्याआधी संगणकात टाकीचा नंबर आणि कारण घालावं लागे, आणि ते घातलं की माल आपोआप अडायचा आणि साहेबांचा फोन वाजायचा. चोरून बघायची सोय नव्हती. कळायचं असेल तर आधी सांगावं लागणार होतं, आणि सांगितलं की पट्टीवर काहीही निघो, दादा गेला. घरचं विरजण आणलं, लाकूड आत आणलं, एवढंच पुरे होतं. पट्टी निर्मळ निघाली असती तर ताईनं आपल्या हातानं भावाला उगाचच रस्त्यावर काढलं असतं. वर ‘माझी जबाबदारी’ म्हणणारी तीच, सही करणारी तीच.

मग तिनं केलं ते माणसं करतात तेच. आधी पळवाट शोधली. ती साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, “साहेब, तीनचं वजन जरा इकडे तिकडे वाटतंय. आज एक नि दोनचंच पाठवू या. तीनचं मी नीट तपासून घेते.” म्हणजे गुपचूप फेकून देते, हे मनात.

साहेबांनी खुर्चीतून उठून तिच्या हातात हात दिला. “ताई, मालकांनी चाखलं! म्हणाले, असंच हवं. वजनाचं काय, चार खोकी जास्त टाका.” मग बारीक डोळे करून विचारलं, “केलं काय पण तुम्ही? भाऊ ना तुमचे, तीन नंबरला? त्यांचा हात दिसतोय. त्यांचं नाव मी वर कळवतो बघा.”

“नको,” ताई एकदम म्हणाली. “इतक्यात नको.”

“अहो, लाजता काय!”

बाहेर आली तेव्हा एक वाजून गेला होता. जिन्याशी ती थांबली. बावन्न वेळा, उकळतं पाणी, एवढी मोठी टाकी, एवढ्याशा पळीत असं दूध असून असणार तरी किती. सगळं ती स्वतःला पटवून देत होती आणि पटतही होतं. फक्त चिमणीच्या अंगाला येणारी खाज पटत नव्हती. ती उकाड्याची म्हणावी, तर गेला आठवडा सगळं घर स्वेटर घालून बसत होतं. दादानं उकाडा म्हटला आणि तिनं ऐकून घेतला. दोघांनाही ते हवं होतं म्हणून.

ती जिना चढून प्रयोगशाळेत शिरली.

तिथं एक मुलगी काम करायची. दिवसभर पट्ट्या बुडवते म्हणून सगळे तिला पट्टीच म्हणत, आणि तिनंही ते नाव अंगाला लावून घेतलं होतं.

“तीन नंबर तपासायचाय,” ताई म्हणाली.

“आज? महिन्याची तपासणी तर सोमवारी आहे.” तरी तिनं संगणक पुढं ओढला. “कारण काय घालू?”

“संशय.”

“कशाचा?”

“दुधाचा.”

मुलीची बोटं कळांवरच थांबली. तिनं एकदा ताईकडे बघितलं आणि काही न विचारता अक्षरं भरली. खालच्या मजल्यावर साहेबांचा फोन वाजला असणार, कारण दुसऱ्याच मिनिटाला ते धापा टाकत दारात उभे होते.

“ताई, हा काय प्रकार आहे? दुधाचा थेंब नाही आपल्या आवारात! इथं चहासुद्धा काळा पितो आपण!”

“दहा मिनिटं थांबा, साहेब.”

ती दहा मिनिटं सरता सरेनात. कागदाच्या पट्टीवर पाणी हळूहळू वर चढलं. पहिली रेघ आली, ती यायचीच असते, पट्टी शाबूत आहे एवढंच ती सांगते. मग काही नाही. चार मिनिटं झाली, काही नाही. सहा झाली. साहेबांनी सुस्कारा सोडला. ताईचे डोळे दुखायला लागले तरी तिनं पापणी हलवली नाही. सातव्या मिनिटाला पहिल्या रेघेखाली काहीतरी गुलाबीसर दिसल्यासारखं झालं.

“सावली आहे ती,” साहेब म्हणाले.

मुलीनं पट्टी उजेडात धरली, तिरकी केली, सरळ केली. “फिकट आहे, साहेब. पण रेघ आहे.”

साहेबांचं एक मानायला हवं. त्यांनी ती पट्टी तीनदा उजेडात धरून पाहिली आणि चौथ्यांदा धरली नाही. खिडकी उघडून त्यांनी ओरडून गाडी थांबवायला सांगितलं, मग त्यांनाच धीर धरवेना म्हणून स्वतः जिन्यावरून धावत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या मागोमाग दादा आला होता. कारखान्यात बातमीला जिना चढावा लागत नाही.

“कुणी केलं?” साहेबांनी ताईला विचारलं.

“मी सांगते,” ताई म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं. विरजण, पुडी, पळी. ‘विरजण लावले’ या नोंदीखाली आपण न बघता सही केली, हेही सांगितलं. दादाकडे न बघता तिनं एका दमात सांगून टाकलं, मध्ये थांबली असती तर तिला रडू आलं असतं.

दादा ऐकत होता. त्यानं मिशीची जाळी ओरबाडून काढली. “बारके, तू माझ्याविरुद्ध?” मग त्या मुलीकडे वळून म्हणाला, “खोटं बोलतंय ते कागदाचं चिटोरं. बावन्न वेळा केलंय मी. बावन्न वेळा! घरची पोर खाते माझी!”

“काका, पळी कुठं आहे?” पट्टीनं हळूच विचारलं.

दादा तरातरा खाली गेला आणि लॉकरमधून पळी घेऊन आला. टेबलावर आपटलीच त्यानं. “घ्या. बघा काय बघायचंय ते. आजच उकळून आणलीय.”

मुलीनं ओला कापूस पळीवरून फिरवला, पाण्यात पिळला आणि नवी पट्टी बुडवली. या वेळी दहा मिनिटं लागली नाहीत. मिनिटाच्या आत दोन्ही रेघा उमटल्या. दुसरी रेघ पहिलीहून गडद होती.

दादा वाकून बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं असं नाही, पण दोन रेघा वाचायला त्यानं भला मोठा वेळ घेतला.

साहेब घसा साफ करत म्हणाले, “हे पाहा, मला आता वर कळवावं लागेल. तुम्हाला उद्यापासून...”

“थांबा हो जरा,” दादा म्हणाला. तो साहेबांचं ऐकतच नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. त्यानं ताईचा दंड धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा घट्ट.

“बारके, चिमणी.”

“हो,” ताई म्हणाली.

“मी रोज देत होतो गं तिला. माझ्या हातानं.”

मोबाइल खाली लॉकरमध्ये होते. ताईनं प्रयोगशाळेतल्या फोनवरून नंबर लावला आणि फोन त्याच्या कानाशी दिला. पलीकडे दादाची सून होती. तिचा आवाज शेजारी उभ्या असलेल्या ताईलाही स्पष्ट ऐकू येत होता.

“सूनबाई, चिमणीला ते चीज दिलंस?”

“आत्ताच बसलीय खायला. का हो, बाबा?”

“काढून घे.”

“अहो, काढून घेते नुसतं म्हटलं तरी ती रडते...”

“काढून घे म्हणतो ना!” दादा ओरडला. मग त्याचा आवाज बसला. “काढून घे, पोरी. आणि डब्यात आहे तेही फेकून दे. तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने, अंगाची खाज दाखव. मी निघालोच.”

पलीकडे बशी ओढल्याचा आवाज आला, मग भोकाड पसरलेलं ऐकू आलं, आणि मग कुणीतरी फोन हिसकावून घेतला. चिमणी आजोबांकडे तक्रार करत होती, नेहमीसारखी.

“आजोबा, आईनं माझं चीज घेतलं.”

“घेऊ दे, बाळा.” दादा म्हणाला. “आजोबांचं चुकलं.”

“मग उद्या देशील?”

“उद्या नाही.”

“मग परवा?”

दादानं फोन ताईकडे दिला. ताईला जे विचारायचं होतं तेच तिनं विचारलं.

“चिमणे, अंग खाजतंय का गं तुझं?”

“खूप,” चिमणी मुसमुसत म्हणाली. “पण चीज खाताना मी विसरते.”